शेंद्र्याची मोटार आणि चौसाळ्याचा रस्ता

वेगवान मोटारीच्या जुन्या आणि नव्या पिढ्यांची तुलना सहसा अश्वशक्ती, इंजिनाचे आकारमान आणि किंमत या तीन आकड्यांवर आटोपली जाते. परंतु मोटार ज्या रस्त्यावर धावते, जे इंधन पिते आणि ज्या कारखान्यात तिचे भाग जोडले जातात, त्यांचा इतिहास बाजूला ठेवला तर ती तुलना अर्धीच राहते. मराठवाड्यापुरते पाहिले तर अशा पूर्ण तुलनेसाठी सर्वांत योग्य उदाहरण स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या मोटारीचे आहे, कारण भारतात आलेल्या तिच्या पाच आवृत्त्यांपैकी पहिल्या तीन छत्रपती संभाजीनगरजवळच्या, म्हणजे तत्कालीन औरंगाबादजवळच्या, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जुळवल्या गेल्या आणि शेवटच्या दोन थेट परदेशातून तयार होऊन आल्या. याच काळात त्या कारखान्याच्या शहराला सोलापूरशी जोडणारा, बीड तालुक्यातील चौसाळ्यावरून जाणारा महामार्ग दुपदरीचा चौपदरी झाला. मोटार आणि रस्ता यांच्या या दोन इतिहासांची सांगड घातली असता असे दिसते की मोटार मराठवाड्यात जुळत होती तेव्हा तिच्या जोगा रस्ता नव्हता, आणि रस्ता तयार झाला तेव्हा मोटारीची जुळणी मराठवाड्यातून निघून गेली होती.

चौसाळा हे मुळात रस्त्याने घडवलेले गाव आहे. बीडहून दक्षिणेकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढून वाट बालाघाटाच्या पठारावर येते आणि तेथून चौसाळा, पारगाव, येरमाळा, येडशी असा क्रम धरीत धाराशिव व तुळजापूरमार्गे सोलापूरला पोहोचते. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा बाजारहाट, दवाखाना, शाळा आणि एसटीचा थांबा चौसाळ्यात असल्यामुळे या गावाचे वजन त्याच्या आकारापेक्षा नेहमीच मोठे राहिले. चौसाळा या नावाचा विधानसभा मतदारसंघही होता, जो २००८ च्या पुनर्रचनेत संपला. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी वैजनाथला रेल्वे फार पूर्वीपासून असली तरी बीड शहरात प्रवासी रेल्वेगाडी पोहोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. साहजिकच या भागातील दळणवळणाचा इतिहास हा जवळजवळ संपूर्णपणे चाकांचा आणि सडकेचा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वेच्याच अखत्यारीत २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू झाली, हैदराबाद राज्याच्या विभाजनानंतर १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर येथील प्रवासी एसटीच्या लाल गाडीचा झाला, आणि एसटी पुरी पडत नाही तेथे जीप आणि काळी-पिवळी धावू लागली. खासगी मोटार ही या भागात दीर्घकाळ डॉक्टर, वकील, गुत्तेदार आणि पुढारी यांच्यापुरतीच होती. वेगासाठी बांधलेली मोटार तर कल्पनेतही नव्हती.

येथे एका संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. स्पोर्ट्स कार या नावाने कडक अर्थी दोन आसनांची, जमिनीलगतची, केवळ वेगाच्या आनंदासाठी बांधलेली मोटार ओळखली जाते. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात मांडलेली डीसी अवंती ही त्या जातीची. ऑक्टाव्हिया आरएस या अर्थाने स्पोर्ट्स कार नाही. ती पाच माणसांची कौटुंबिक मोटार आहे, तिचे मागचे झाकण काचेसकट वर उचलले जाते आणि आत ५०० लिटरांहून अधिक सामान मावते. फक्त तिचे इंजिन, ब्रेक, स्प्रिंगा आणि सुकाणू ही चार अंगे वेगासाठी नव्याने घडवलेली असतात. ही दुसरी जात ग्रामीण मराठवाड्याच्या अधिक जवळची आहे, कारण ज्या घरात एकच मोटार असते तेथे तिला लग्नालाही जावे लागते, तुळजापूरलाही जावे लागते आणि खताची दोन पोतीही घ्यावी लागतात.

आरएस ही अक्षरे रॅली स्पोर्ट या शब्दांवरून आलेली आहेत. आजच्या चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव या गावी लॉरिन आणि क्लेमेंट या जोडीने १८९५ मध्ये सुरू केलेला सायकलींचा कारखाना १९२५ मध्ये प्लझेन येथील स्कोडा उद्योगात विलीन झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर तो सरकारी मालकीचा झाला आणि १९९१ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनने त्यात प्रवेश केला. साम्यवादी राजवटीच्या काळात, १९७५ पासून बांधली गेलेली स्कोडा १३० आरएस ही छोटी मोटार १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या वर्गात अव्वल आली आणि तेव्हापासून ही दोन अक्षरे चेक लोकांच्या अभिमानाचा विषय झाली. लॅटिनमधील आठवी या अर्थाचा ऑक्टाव्हिया हा शब्द कंपनीने १९५९ मध्ये प्रथम वापरला होता; फोक्सवॅगनच्या काळात १९९६ मध्ये तो पुन्हा काढण्यात आला आणि २००० मध्ये त्या नव्या ऑक्टाव्हियाची १८० अश्वशक्तीची आरएस आवृत्ती युरोपात आली.

शेंद्र्यात ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ च्या अखेरीस सुरू झाली. औरंगाबादला मोटारउद्योग तोपर्यंत अपरिचित राहिला नव्हता, कारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून वाळूजला बजाजच्या दुचाकी तयार होत होत्या आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांची दाट वस्ती उभी राहिली होती. तरीही युरोपीय चारचाकीची जुळणी ही वेगळी पायरी होती. जुळणी म्हणजे मोटारीचे प्रमुख भाग पेट्यांमधून परदेशातून आणायचे आणि येथे ते एकमेकांना जोडून, तपासून, रस्त्यावर चालण्याजोगी मोटार बाहेर काढायची. याला पूर्ण अर्थाने निर्मिती म्हणता येत नाही असा आक्षेप घेतला जातो आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. परंतु ज्या कामगारांच्या हाताखालून या मोटारी गेल्या त्यांनी परदेशी मोजमापाची शिस्त मराठवाड्यात रुजवली, ही गोष्ट त्या आक्षेपापेक्षा मोठी आहे.

या कारखान्यातून २००४ मध्ये बाहेर पडलेली पहिली भारतीय ऑक्टाव्हिया आरएस ही आजच्या आकड्यांनी पाहिली तर साधीच वाटेल. तिचे इंजिन १,७८१ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे आणि प्रत्येक नळकांड्याला पाच याप्रमाणे वीस झडपांचे होते. युरोपात १८० अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाचे भारतात १५० अश्वशक्तीचे रूप आले. तिला टर्बोचार्जर होता, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक लहान पंखा, जो दुसऱ्या बाजूने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि त्यामुळे लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेतो. टॉर्क, म्हणजे चाकाला फिरवणारा पीळ, २१० न्यूटन-मीटर होता. गिअर हातानेच बदलावे लागत.

या मोटारीचे खरे मोल कळण्यासाठी त्या काळचा चौसाळ्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. सोलापूर–धुळे मार्ग तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ म्हणून ओळखला जात असे आणि बहुतेक लांबीत तो दोन पदरी, दुभाजक नसलेला, कडेची माती पावसाने खचलेला असा होता. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघत, तेव्हा माणसे, भांडी, शेळ्या आणि बैल यांनी भरलेल्या मालमोटारी व ट्रॅक्टर या रस्त्याने चालत. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बैलाच्या चालीने पुढे सरकत. अशा रस्त्यावर मोटारीचा सर्वोच्च वेग कोणालाच उपयोगी नव्हता. उपयोग होता तो एकाच गुणाचा: समोरून येणारे वाहन आणि पुढे चाललेली ट्रॉली यांच्यामध्ये मिळणाऱ्या थोड्या मोकळ्या जागेत, तिसऱ्या गिअरवर, ताशी ४० वरून ८० पर्यंत झटकन जाऊन पुन्हा आपल्या बाजूला येण्याचा. टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनाचा जोर नेमका याच टप्प्यात असतो. म्हणूनच कागदावर सर्वांत दुबळी दिसणारी २००४ ची आरएस ही तिच्या काळच्या रस्त्याला सर्वांत अनुरूप अशी वेगवान मोटार होती, असे म्हणावे लागते. तिची अडचण वेगळी होती, ती म्हणजे प्रत्येक गावाच्या तोंडाशी लोकांनीच घातलेले उंच गतिरोधक आणि पहिल्या पावसात उघडे पडणारे खड्डे. खाली बसलेल्या मोटारीचे पोट त्यांना घासत असे.

तरीही ही मोटार फारशी खपली नाही आणि त्याचे कारण तिच्या गुणदोषांत नसून देशाच्या इंधनधोरणात आहे. पेट्रोलच्या किमतीवरचे सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले, पण डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. मधल्या आणि त्याआधीच्या संपूर्ण काळात डिझेल इतके स्वस्त होते की लांबच्या पल्ल्याचा मराठवाड्यातील ग्राहक १.९ लिटर डिझेल इंजिनाची साधी ऑक्टाव्हियाच पसंत करी. त्या डिझेल मोटारीची ताकद अवघी ९० अश्वशक्ती होती, पण बीडहून मुंबईला जाऊन येणाऱ्याला टाकी भरण्याची चिंता तिने ठेवली नाही. आरएस ही त्यामुळे प्रारंभापासूनच हौशी माणसाची मोटार राहिली.

दुसरी पिढी भारतात लॉरा या नावाने आली. पहिली ऑक्टाव्हिया बाजारात चालूच ठेवायची असल्याने नव्या पिढीला वेगळे नाव देणे कंपनीला भाग पडले होते, आणि त्यामुळे २०११ मध्ये आलेली आरएसही लॉरा आरएस म्हणूनच ओळखली गेली. आकड्यांत फरक किरकोळ होता, अश्वशक्ती १५० ची १६० आणि टॉर्क २१० चा २५०. परंतु आतली यंत्ररचना पूर्ण बदललेली होती. आता इंधन थेट नळकांड्याच्या पोटात, अतिशय उच्च दाबाने फवारले जात होते, ज्याला थेट इंधनफवारणी म्हणतात, आणि त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक काम निघत होते. गिअर पाचाऐवजी सहा झाले, बदलण्याची दांडी मात्र चालकाच्याच हातात राहिली. अशा नाजूक इंजिनाला स्वच्छ पेट्रोल लागते, आणि येथे पुन्हा भूगोल आडवा आला. भारत स्टेज चार हे कमी गंधकाच्या इंधनाचे मानक २०१० मध्ये महानगरांसह सोलापूरसारख्या मोजक्या शहरांत लागू झाले, तर देशभर ते पोहोचण्यास १ एप्रिल २०१७ उजाडले. चौसाळ्याहून तुळजापूर ओलांडून सोलापूरला गेलेल्या लॉराच्या टाकीत एकाच दिवशी दोन मानकांचे पेट्रोल पडू शकत होते.

याच सुमारास औरंगाबादच्या महागड्या मोटारींच्या हौसेची देशभर चर्चा झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र सौदा करून सुमारे १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी घेतल्या आणि मराठवाडा म्हणजे केवळ दुष्काळ ही बाहेरच्यांची समजूत काही दिवसांपुरती का होईना डळमळली. बीड जिल्ह्यातील वास्तव मात्र दुष्काळाचेच होते. २०१२ ते २०१६ या वर्षांत वारंवार पाऊस हुकला, चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि पाण्याचे टँकर हेच या महामार्गावरचे सर्वांत महत्त्वाचे वाहन ठरले. वेगवान मोटारीचा इतिहास लिहिताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पुढची झेप २०१७ ची. ऑक्टाव्हिया हे मूळ नाव २०१३ मध्ये तिसऱ्या पिढीबरोबर परत आले होते. तिच्या आरएस आवृत्तीत १,९८४ घनसेंटिमीटरचे, २३० अश्वशक्तीचे आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन बसवलेले होते. लॉराहून एकदम ७० अश्वशक्ती अधिक, ही वाढ पाचही आवृत्त्यांतील सर्वांत मोठी आहे. सुमारे २४ लाख ६२ हजार रुपयांना शोरूममध्ये मिळणारी ही मर्यादित संख्येची मोटार बघता बघता संपली. मात्र तिच्यात हाताचा गिअर नव्हता. त्याच्या जागी दुहेरी क्लचची स्वयंचलित पेटी आली, जिच्यात एक क्लच सम आणि दुसरा विषम गिअर सांभाळतो, पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो आणि बदल डोळ्यांची पापणी लवण्याआत होतो. यंत्र म्हणून ही रचना हातापेक्षा वेगवान आहे यात शंका नाही. तरीही जुन्या आरएसच्या मालकांनी ज्या गोष्टीची हळहळ बोलून दाखवली ती रास्त होती, कारण घाटात कोणत्या वळणाला कोणता गिअर हवा याचा निर्णय चालकाच्या हातापायांतून निघून यंत्राकडे गेला, आणि मोटार चालवण्याचे कौशल्य मोटारीला सूचना देण्यापुरते उरले.

त्याच वेळी चौसाळ्यात रस्ता खणला जात होता. येडशी ते औरंगाबाद या सुमारे १९० किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०१५ नंतर सुरू झाले आणि दशक संपता संपता पूर्णत्वास गेले. नव्या क्रमांकपद्धतीत २११ चा ५२ झाला, पारगाव आणि पाडळसिंगी येथे पथकर नाके उभे राहिले, दुभाजक आला आणि ट्रॉलीच्या मागे अडकण्याचा जुना प्रसंग जवळजवळ संपला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ठरवून दिली.

त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका अधिसूचनेने आरएसचा मार्ग बदलला. परदेशी मानकांवर उतरलेल्या मोटारी भारतात पुन्हा चाचण्या न देता वर्षाला २,५०० पर्यंत आणण्याची मुभा कंपन्यांना मिळाली, आणि थोड्या संख्येच्या मोटारीसाठी येथे जुळणीची वेगळी व्यवस्था लावण्यापेक्षा ती तयारच आणणे सोपे झाले. २०२० मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही याच वाटेने आली: २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर, सात गिअर, वळणावर पुढच्या दोन चाकांत जोर वाटून देणारी विद्युत् यंत्रणा, एकूण २०० मोटारी आणि प्रत्येकीची किंमत सुमारे ३६ लाख. चौथ्या पिढीची आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये आली ती २६५ अश्वशक्तीची, १९ इंची चाकांची, १०० किलोमीटरचा वेग ६.४ सेकंदांत गाठणारी आणि ताशी २५० पर्यंत जाणारी. संख्या १०० आणि किंमत सुमारे ५० लाख. पहिल्यावहिल्या आरएसशी तुलना केली तर ताकद पाऊणपट वाढली आहे. परंतु २०१७ ते २०२५ एवढाच काळ घेतला तर ताकद ३५ अश्वशक्तींनी, म्हणजे साधारण पंधरा टक्क्यांनी वाढली आणि किंमत दुप्पट झाली. त्या वाढीतला मोठा भाग यंत्राचा नाही, आयात कराचा आणि रुपयाच्या घसरणीचा आहे.

यंत्र म्हणून नवी पिढी श्रेष्ठ आहे. तिचे ब्रेक, तिच्या हवेच्या पिशव्या, घसरताना तिला सावरणारी यंत्रणा यांनी जुन्या मोटारीच्या काळात गेलेला एखादा जीव वाचला असता, आणि या महामार्गावर गेलेल्या जिवांची आठवण असलेल्या गावांत हा विचार हलका मानता येत नाही. परंतु चौसाळ्याच्या रस्त्यावर तिचा उपयोग काय, असे विचारले तर उत्तर अवघड आहे. ती साडेसहा सेकंदांच्या आत कायद्याची मर्यादा गाठते आणि तिच्या क्षमतेचा उरलेला सगळा भाग पारगावच्या नाक्यापासून मांजरसुंब्यापर्यंत न वापरताच जातो. जो वापरेल तो दुभाजकातून पलीकडे जाणाऱ्या शेळ्यांचा, शाळेच्या मुलांचा आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराचा अपराधी होईल. जुन्या मोटारीची ताकद त्या रस्त्याला पुरती लागत होती. नव्या मोटारीची ताकद नव्या रस्त्यालाही जास्त होते. मोटार चांगली की वाईट हे ठरवण्याचे हे एकमेव माप नव्हे, पण मराठवाड्यातून पाहणाऱ्यासाठी ते पहिले माप असायला हवे.

साधी ऑक्टाव्हिया मात्र चौथ्या पिढीतही, २०२१ पासून २०२३ पर्यंत, शेंद्र्यातच जुळत राहिली. म्हणजे कारखान्याची क्षमता संपली नव्हती, आरएसपुरता तो हिशेबातून वगळला गेला होता. पहिल्या तीन आवृत्त्यांच्या मोटारी आज महाराष्ट्रभर विखुरलेल्या आहेत, काही गॅरेजच्या मागे धूळ खात, तर काही मेस्त्रीच्या कसबावर अजून चालू. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. २००४ ची आरएस वीस वर्षांपलीकडे गेली असून २०२५ च्या नव्या दरांनुसार अशा मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये शुल्क आहे, आणि २०११ मध्ये नोंदलेल्या लॉरा आरएसची पहिली मुदत २०२६ मध्ये संपते. ज्यांच्या अंगणात अशी मोटार उभी असेल त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की तिचे भाग शेंद्र्याच्या कामगारांनी जोडले होते, आणि २०२५ मध्ये आलेल्या शंभर मोटारींपैकी एकीचाही एकही बोल्ट तेथे आवळला गेलेला नाही.